आपली डायरी आपल्याच डीएनएमध्ये ठेवता येईल काय?

खटपट्या_मिरज

राम राम मंडळी, प्रश्न येडपट वाटला तर वाटू दे पण डोक्यातनं जाईना म्हणून इथं टाकतोय. परवा एका रीलमध्ये बघितलं की एक ग्रॅम डीएनएमध्ये २१५ पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी) डेटा मावतो, मग काय, जेवण झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. माणसाच्या एका पेशीत आईकडचा आणि बापाकडचा असे दोन्ही संच धरून ६०० कोटीच्या वर अक्षरं (ए, सी, जी, टी ही चारच), एका अक्षरात २ बिट, म्हणजे झाले दीड जीबी. आणि अंगात पेशी किती तर ३७ लाख कोटी. गुणाकार करायला गेलो तर कॅल्क्युलेटरनं हात टेकले. म्हणजे आपण सगळी चालतीबोलती डेटा सेंटरं आहोत आणि वर १२८ जीबीच्या फोनसाठी ईएमआय भरतोय!!

तर मुद्दा असा. मी बरीच वर्षं दुकान बंद केलं की मराठीत डायरी टाइप करतो. कुणाकडनं किती येणं आहे, पाऊस किती झाला, कृष्णेला पाणी कुठवर आलं, कोण गेलं, कुणाचं जमलेलं मोडलं, सगळं. एकच टेक्स्ट फाइल आहे, ६ एमबीची झालीय. क्लाउडवर टाकायला मन घेत नाही आणि पेनड्राइव्हचा भरवसा नाही. ही फाइल स्वतःच्या डीएनएत घालून ठेवता येईल का, इंजेक्शन वगैरे काही? आणि घातली तर नुसतं आठवून वाचता येईल का, म्हणजे मेंदू थेट तिथनं उचलेल का मशीनच लागेल? आणि पोरांच्यात उतरेल का, कारण त्यात काही गोष्टी पोरांनी न वाचलेल्या बऱ्या 😅

पिपेटवाली

नमस्कार, मी पुण्यात एका लॅबमध्ये पेशींवरच काम करते म्हणून उत्तर द्यायचा मोह आवरत नाहीये. प्रश्न अजिबात येडपट नाही, गुणाकार मात्र आहे, रागावू नका. ३७ लाख कोटी पेशी म्हणजे तेवढ्या कोऱ्या वह्या नव्हेत, एकाच भरलेल्या वहीच्या झेरॉक्स आहेत. त्यातही आकड्याने बघितलं तर ऐंशी टक्क्यांहून जास्त पेशी या तांबड्या रक्तपेशी, त्यांच्यात केंद्रकच नसतं म्हणजे तिथे हा डीएनए नाहीच. आणि उरलेल्यांमधले दीड जीबी आधीच भरलेले आहेत हो, त्यावर तुम्ही आहात!

२१५ पेटाबाइटचा आकडा खरा आहे, न्यूयॉर्कमध्ये यानिव एर्लिख आणि दिना झिलिन्स्की या दोघांनी २०१७ मध्ये काढलेला, पण तो नळीतल्या डीएनएचा, अंगातल्या नाही. हा फरक रीलवाले कधीच सांगत नाहीत. नळीत डेटा ठेवणं आता जुनं झालं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्चच्या गटाने एक अख्खं पुस्तक, साधारण ५३ हजार शब्द, थोडी चित्रं आणि एक छोटा प्रोग्राम असं सगळं डीएनएत लिहून परत वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी इंग्लंडात निक गोल्डमनच्या गटाने शेक्सपिअरची सुनीतं आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणाचा तुकडा ठेवला. यात जिवंत पेशी कुठेच नाही, रसायनशाळेत बनवलेले सव्वाशे-दीडशे अक्षरांचे लाखभर बारीक तुकडे आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा नंबर, बस.

जिवंत पेशीत घालायचं म्हटलं की खेळ बदलतो. २०१७ मध्ये चर्चच्याच लॅबमध्ये सेथ शिपमन यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या डीएनएत पळत्या घोडीची पाच चित्रांची छोटीशी फिल्म घातली, क्रिस्पर हे डीएनएत बदल करायचं तंत्र वापरून. एक चित्र ३६ गुणिले २६ पिक्सेलचं, म्हणजे आपल्या व्हॉट्सॲपच्या डीपीपेक्षा कितीतरी बारीक. आणि एका जिवाणूत अख्खी फिल्म नव्हतीच, प्रत्येकाकडे थोडे थोडे तुकडे, सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचला तेव्हा साधारण ९० टक्के बरोबर जमली.

आता माणूस. पेशीत काही नेऊन सोडायचं तर वाहन लागतं, आणि जीन थेरपीत, म्हणजे पेशीत जीन घालून आजार बरा करायच्या उपचारात, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाहन म्हणजे एएव्ही नावाचा निरुपद्रवी केलेला विषाणू. त्याच्या डिकीत ४,७०० अक्षरं मावतात. संपलं. ४,७०० अक्षरं म्हणजे ९,४०० बिट म्हणजे जेमतेम १.२ केबी. तुमची फाइल ६ एमबी. शिवाय एएव्हीने आणलेला माल बहुतेक वेळा आपल्या गुणसूत्रात शिवला जातच नाही, बाजूला सुटा पडून राहतो, पेशी विभागल्या की हरवतो. लेंटीव्हायरस नावाचं दुसरं वाहन शिवतं, त्यात आठ-नऊ हजार अक्षरं जातात, पण कुठे शिवेल त्याचा नेम नाही. त्याबद्दल कुणी डॉक्टर असतील तर बोलतील.

सेमीकोलन

पिपेटवाली ताई, तो १.२ केबी अजून वाईट आहे, कारण फाइल मराठीत आहे.

थांबा, करूनच दाखवतो. साधा नियम धरू, ए म्हणजे ००, सी म्हणजे ०१, जी म्हणजे १०, टी म्हणजे ११. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर टेक्स्ट साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, एका बाइटला ४ अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला डीएनएची १२ अक्षरं. ‘आई’ असं लिहिलं तर होतं टीजीएए जीजीसीए जीएसीजी, टीजीएए जीजीसीए जीएजीए. बघा, पहिली आठ अक्षरं दोन्हीकडे तीच. देवनागरीच्या निम्म्या चिन्हांच्या सुरुवातीला हेच टीजीएएजीजीसीए येणार आणि उरलेल्यांना त्यात एका अक्षराचा फरक. म्हणजे भाऊंची अख्खी डायरी दर बारा अक्षरांनी तेच ते तेच ते म्हणत राहणार, आणि डीएनए बनवणाऱ्यांना काय नको असतं तर नेमकं हेच, पुनरावृत्ती आली की तुकडे चुकीच्या जागी चिकटतात.

१२ अक्षरांच्या हिशोबाने त्या विषाणूत ३९० चिन्हं बसतील, काना मात्रा वेलांटी सगळं धरून, म्हणजे साठ-सत्तर शब्द. “आज पाऊस झाला नाही, अमक्याने पैसे दिले नाहीत” एवढ्यात डिकी फुल्ल.

पण यावर उपाय आहे, आणि सोपा आहे. युनिकोड या अक्षरांच्या यादीत देवनागरीच्या ब्लॉकमध्ये एकूण जागाच १२८, म्हणजे ७ बिटांत काम होतं, आपलं स्वतःचं टेबल केलं तर एका चिन्हाला ४ अक्षरं पुरतात आणि अर्धं अक्षर उरतं ते चूक पकडायला, म्हणजे चेकसमला, वापरा. नाहीतर सरळ फाइलच झिप करा, मराठी टेक्स्ट चांगलं दाबलं जातं, ६ एमबीची एक-सव्वा एमबी सहज होईल. धरा १.२ एमबी, म्हणजे ४८ लाख अक्षरं. आणि गंमत म्हणजे ई. कोलाय जिवाणूचा अख्खा जीनोमच, म्हणजे सगळा डीएनए, ४६ लाखांचा आहे. मिरजेच्या दुकानदाराची डायरी एका जिवाणूपेक्षा लांब!

नळीत ठेवायचं तर हे आजही होतं. एर्लिखच्या प्रयोगात २.१४ एमबी होते, ७२ हजार तुकडे, बनवायला ७,००० डॉलर आणि वाचायला २,००० डॉलर लागले. त्यात त्यांनी फाइलचे तुकडे एकमेकांत मिसळून असे बनवले होते की काही तुकडे गहाळ झाले तरी बाकीच्यांवरून सगळी फाइल परत मिळते, इंटरनेटवर व्हिडिओ पाठवायला वापरतात तीच युक्ती, तिला फाउंटन कोड म्हणतात. मला या अख्ख्या विषयात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे, जीवशास्त्र राहू द्या बाजूला.

लिंबूटिंबू

म्हणजे पुढच्या पिढीत पत्रिकेबरोबर चेकसम पण जुळवावा लागणार. “मुलगा चांगला आहे हो, पण सातव्या गुणसूत्रावर फाइल करप्ट आहे.”

खटपट्या_मिरज

लिंबूटिंबू 😂😂

ताई आणि सेमीकोलन, लई भारी समजावलंत. झेरॉक्सवाली गोष्ट डोक्यात आलीच नव्हती. पण मग मला सांगा, आमच्या इथल्या एका पोराला मुंबईला टाटामध्ये कसलीशी सेल थेरपी दिली, त्यात त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांचा डीएनए बदलून परत घातल्या म्हणे. म्हणजे माणसाच्या डीएनएत लिहायचं काम चालू झालंच आहे की. मग तिथंच चार ओळी माझ्या घातल्या तर काय बिघडलं?

रात्रपाळी

डॉक्टर आहे, रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात असतो, ड्युटी संपली म्हणून लिहितोय, टायपो पोटात घाला.

तुम्ही ऐकलंत ती कार-टी थेरपी. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून भारतातली पहिली बनवली, नेक्सकार१९, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत जो खर्च येतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होते. पेशंटच्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, लेंटीव्हायरसने त्यांच्यात एक नवीन जीन शिवायचा, लॅबमध्ये वाढवायच्या आणि परत सलाइनमधून सोडायच्या, मग त्या जाऊन कॅन्सरच्या पेशी हुडकून मारतात. तर हो, माणसाच्या पेशीच्या डीएनएत लिहिणं मुंबईत चालू आहे, तुमचं बरोबर आहे.

आता बिघडतं काय ते. पेशी परत सोडायच्या आधी अंगातल्या जुन्या टी पेशींची गर्दी कमी करावी लागते, त्यासाठी केमो देतात. रक्ताच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या, बदलायच्या असतील तर आणखी जोरात, हाडातली मज्जाच रिकामी करावी लागते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं क्रिस्परचं औषध कॅसजेव्ही, २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालं, किंमत २२ लाख डॉलर, त्यातही आधी बुसल्फान हे केमोचं औषध देतात. केस जातात, तोंड आतून सोलवटतं, आठवडेच्या आठवडे वेगळ्या खोलीत राहावं लागतं, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सिकलसेलच्या कळा ज्याने बघितल्यात तो हे सोसायला तयार होतो, विदर्भात गडचिरोली चंद्रपूरकडची मुलं बघा म्हणजे कळेल. पण उधारीच्या यादीसाठी केमो? मी तरी सही करणार नाही.

आणि दुसरं म्हणजे शिवण कुठे पडते ते. पॅरिस आणि लंडनला प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांवर जीन थेरपी केली होती, पॅरिसची १९९९ मध्ये सुरू झाली. बाळं बरी झाली, सगळीकडे वाहवा झाली. आणि मग दोन्हीकडची मिळून वीस मुलांपैकी पाच जणांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला, कारण बहुतेकांत विषाणूने आणलेला जीन एलएमओ२ नावाच्या जीनच्या शेजारी जाऊन बसला आणि तो एलएमओ२ चालूच राहिला. आताची वाहनं बरीच सुधारली आहेत, तरी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, कार-टी औषधांच्या लेबलवर नव्याने होऊ शकणाऱ्या टी पेशींच्या कॅन्सरचा इशारा टाकायला लावलाच. जीव वाचवायचा असेल तर हा धोका घेणं परवडतं. टेक्स्ट फाइलसाठी नाही.

मुलांचं विचारलंत ना, रक्तात घातलेलं मुलांत उतरत नाही, तेवढ्यासाठी निश्चिंत राहा. उतरवायचं तर बीजपेशीत किंवा भ्रूणात लिहावं लागेल, आणि त्याला भारतात बंदी आहे, आयसीएमआरच्या, म्हणजे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१९ च्या जीन थेरपीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. चीनमध्ये ह जियानकुई या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये भ्रूणांत बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षं तुरुंगवासाची शिक्षा झाली.

पिपेटवाली

डॉक्टर, धन्यवाद, हे असं वॉर्डातल्या माणसानेच सांगायला हवं होतं.

मेंदूचा प्रश्न राहिलाच बघा. थेट आठवणार नाही. आठवण जी काय आहे ती मुख्यतः चेतापेशींच्या जोडण्यांत असते, कुठली जोडणी घट्ट आणि कुठली सैल त्यात. पेशी डीएनए वाचते ती प्रथिनं बनवायला, त्यात तुमची उधारी लिहिलेली असली तरी तिला तो नुसता निरर्थक अक्षरांचा पट्टा, बहुतेक ठिकाणी ती त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणजे अंगातली डायरी खिशातल्या पेनड्राइव्हसारखी झाली फार तर, आणि तोसुद्धा वाचायला दर वेळी रक्त द्या, पेशी फोडा, डीएनए वेगळा करा, सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या मशीनमध्ये, घाला. नॅनोपोरची मशीनं आता खिशात मावतात, यूएसबीला लागतात, तरी हे मिनिटा-दोन मिनिटांचं काम नव्हे. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये लिहिण्यापासून वाचण्यापर्यंत सगळं आपोआप करणारं यंत्र केलं, त्यावर इंग्रजीतलं ‘हेलो’, पाच बाइट, लिहून वाचायला २१ तास लागले.

पण एक गोष्ट बहुतेक लोक उलटी समजतात. सगळ्यांना वाटतं अंगात ठेवलं तर म्युटेशनने खराब होईल. रक्ताच्या मूळपेशीत वर्षाला साधारण १५-२० अक्षरं बदलतात, तीही अख्ख्या ६०० कोटींत. सेमीकोलनने काढलेली ४८ लाखांची डायरी एका पेशीत अख्खी बसली आहे असं क्षणभर धरलं तरी तिच्यातलं एखादं अक्षर बदलायला साठ-ऐंशी वर्षं जातील. शिवाय हजारो पेशी वाचून बहुमत घेता येतं. खराब होण्याची भीती नाहीच म्हणा ना.

खरी अडचण वेगळी आहे. एका पेशीत मावत नाही म्हणून डायरी तुकडे करून वेगवेगळ्या मूळपेशींत वाटली, या पेशीत जानेवारी, त्या पेशीत फेब्रुवारी, तर म्हातारपणी काय होईल? सत्तरीच्या पुढे रक्त बनवणाऱ्या मूळपेशींची विविधता घटते, मोजक्या मूळपेशींचे वंश फोफावतात आणि रक्ताचा मोठा हिस्सा त्यांचाच होतो. म्हणजे ज्या वयात डायरीची गरज पडणार त्याच वयात जानेवारीच्या लाखो प्रती आणि फेब्रुवारी जवळजवळ गायब! याला नुसत्या चेकसमने काही होणार नाही.

सेमीकोलन

हे माहीत नव्हतं, जबरदस्त आहे. पण फाउंटनवाली युक्ती इथेही चालेल ना, प्रत्येक पेशीत सगळ्या महिन्यांचं मिश्रण ठेवायचं, मग कुठल्याही पुरेशा पेशी उरल्या तरी फाइल निघते.

पिपेटवाली

‘पुरेशा’ हाच शब्द घात करतो. पेशीमागे एक-दोन केबी असेल तर सव्वा एमबीसाठी हजाराच्या आसपास वेगवेगळे वंश तरी सापडायला लागतील, आणि ते सत्तरीच्या माणसाच्या एका बाटलीभर रक्तात मिळवायला खूप खोल सिक्वेन्सिंग, म्हणजे तेच रक्त असंख्य वेळा वाचणं, करावं लागेल. गणित जमेल कदाचित, खिसा जमणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरहून. सगळे कसं घालायचं तेच बोलून राह्यले, दुसऱ्या कोणी काढून वाचलं तर काय ते कोणी बोलूनच नाही राह्यलं. भाऊ, तुमी टपरीवर कटिंग पिता, ग्लास तिथंच ठेवता, त्याच्यावर थुंकीसंगं तुमच्या पेशी राह्यतात. केस कापायला जाता, उशीवर झोपता. आपला डीएनए आपण दिवसभर सांडतच फिरतो. त्यात उधारीचा हिशोब न् गावातल्या भानगडी लिहून ठेवता का? मोबाइलले लॉक तरी असते बाप्पा.

न् हे काही हवेतलं नाही. अमेरिकेतल्या २३अँडमी या लोकांचा डीएनए तपासणाऱ्या कंपनीकडून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती चोरीले गेली, २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, मग लोकांले प्रश्न पडला का आता आपला डेटा कोणाच्या ताब्यात जाते. पासवर्ड चोरीले गेला तर बदलता येते. डीएनए कसा बदलसान?

सेमीकोलन

ठेचा भाऊ, मुद्दा चोख. एन्क्रिप्ट करून ठेवायचं म्हटलं तरी किल्ली कुठे ठेवणार, डोक्यात ठेवली तर मग विसरल्यावर अंगातली फाइल काय कामाची, आणि बाहेर कागदावर ठेवली तर फाइलच कागदावर ठेवा की. शिवाय आजचं कुलूप वीस वर्षांनी कुणी तोडलं तर कॉम्प्युटरवरची फाइल नवीन कुलपात घालता येते, अंगातली नाही. दुरुस्ती नाही, डिलीट नाही. सकाळी उधारी वसूल झाली तरी रक्तात संध्याकाळपर्यंत बाकीच!

रात्रपाळी

बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं तर रक्त दात्याचं होतं हेही लक्षात असू द्या. मग तुमच्या रक्तात त्याची डायरी.

लिंबूटिंबू

आणि आधीच्या माणसाची उधारी कोण फेडणार

खटपट्या_मिरज

बास बास, पोट दुखायला लागलं. ठेचा भाऊ, तुम्ही लई घाबरवलंत, आता टपरीवर कागदी कप मागतो 😅

थोडक्यात अंगात घालणं बाद. मग ह्या लोकांनी एवढा आटापिटा कशासाठी केलाय, पेशीत लिहायचा? नुसतं दाखवायला?

पिपेटवाली

दाखवायला नाही, आणि माझ्या मते तर खरी मजा इथेच आहे. पेशीला बाहेरची फाइल सांभाळायला लावण्यापेक्षा तिला स्वतःवर काय गुदरलं ते लिहायला लावायचं. २०१६ मध्ये एमआयटीत टिमोथी लू यांच्या गटाने मानवी पेशी अशा बदलल्या की दाहाचं (म्हणजे सूज आणणारं) रसायन आलं की त्यांच्या डीएनएतल्या एका ठरावीक जागी बदल होत जातो, जितका वेळ आणि जितका जास्त दाह तितके जास्त बदल. त्या पेशी उंदरात ठेवल्या, उंदराला दाह केला, नंतर पेशी काढून वाचल्या तर नोंद सापडली. २०२२ मध्ये सिएटलला जे शेंड्युर यांच्या लॅबने डीएनए टाइपरायटर केला, त्यात तर क्रमही राहतो, एक अक्षर उमटलं की पुढची जागा उघडते, म्हणजे आधी काय झालं आणि मग काय झालं ते कळतं. त्यांनी लॅबमधल्या मानवी पेशींत छोटे इंग्रजी संदेश टाइप करून दाखवले, पण त्यांना संदेशाची हौस नव्हती, त्यांना एका पेशीपासून हजारो पेशी कशा कुणापासून फुटल्या त्याची वंशावळ हवी होती. गाठ कुठल्या पेशीपासून वाढली, गर्भात कुठली पेशी कुठे गेली, हे पेशीच सांगते. मी रोज मायक्रोस्कोपखाली पेशी बघते, त्यांना बघून काल काय झालं ते अजिबात कळत नाही हो, सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून मला याचं इतकं अप्रूप.

आणि तुमच्या डायरीला डीएनएच हवा असेल तर शरीराबाहेर ठेवा. शरीर म्हणजे ३७ अंश, पाणी, सतत तोडणारी आणि दुरुस्त करणारी एन्झाइम्स, डीएनए जपायला याहून वाईट जागा नाही, जिवंत पेशी राबते म्हणून तो टिकतो. सुका, थंड आणि अंधारात असेल तर मात्र तो अफाट टिकतो, सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए २०२१ मध्ये वाचला आहे. झुरिकला रॉबर्ट ग्रास यांनी २०१५ मध्ये तीच कल्पना घेतली, डीएनए काचेच्या अगदी बारीक गोळ्यांत बंद केला. त्यात स्वित्झर्लंडचा १२९१ चा करारनामा आणि आर्किमिडीजचा एक ग्रंथ, मिळून ८३ केबी. तापवून खराब करायचा प्रयत्न केला आणि त्यावरून हिशोब काढला की उणे १८ अंशाला दहा लाख वर्षं टिकावा. उणे १८ म्हणजे आपला घरचा डीप फ्रीजर बरं का. मिरजेत लोडशेडिंगचं काय ते तुम्ही बघा.

खटपट्या_मिरज

आता हे आवडलं. अख्खी डायरी नको, निदान एखादा शब्द तरी, हौस म्हणून. सेमीकोलनने काढलेलं ते ‘आई’ भारतात करून मिळेल का, का स्वित्झर्लंड गाठावं लागेल?

पिपेटवाली

स्वित्झर्लंड कशाला! ‘आई’ २४ अक्षरांचं आहे, आणि आम्ही पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला, जे प्रायमर नावाचे बारीक तुकडे मागवतो ते वीस-पंचवीस अक्षरांचेच असतात. कुठल्याही बायोटेक लॅबमध्ये दर आठवड्याला असली ऑर्डर जाते, काही शे रुपयांत काम होतं आणि छोट्या नळीत तळाला वाळवून येतं, डोळ्यांनी धड दिसतही नाही, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून न घेता झाकण उघडलं तर उडून जायचं. मी मगाशीच मोजून बघितलं, जी आणि सी मिळून २४ पैकी १३ येतात, म्हणजे ५४ टक्के, निम्म्याच्या आसपास, प्रायमर म्हणून एकदम सालस आहे. फक्त कंपन्या सहसा संस्थेच्या नावानेच ऑर्डर घेतात, घरच्या पत्त्यावर कुरिअर करत नाहीत, तेव्हा जवळच्या कॉलेजात बायोटेकचा विभाग असेल तर एखाद्या मॅडमना गाठा.

सेमीकोलन

ऑर्डर द्यायच्या आधी थांबा जरा. ‘आई’मध्ये टीजीएएजीजीसीएजीए हा दहा अक्षरांचा तुकडा दोनदा येतोय, बनवायला त्रास नाही पण नंतर वाचताना अडेल. मी ७ बिटांचं टेबल करून टाकतो उद्या, त्यात तेवढ्याच २४ अक्षरांत सहा चिन्हं बसतील. मोठा शब्द निवडा.

खटपट्या_मिरज

सहा चिन्हं म्हणजे काना मात्रा धरून ना? मग ‘मिरज’ बसतंय, म, वेलांटी, र, ज, चार झाली. उरलेल्या दोनात काय घालू?

लिंबूटिंबू

उधारी बंद

सेमीकोलन

आठ होतात, स्पेस धरली तर नऊ. दुसरी नळी लागेल.